गोळीवर गोळी: गिरगावातल्या मावशीचं प्रकरण

फेब्रुवारीत घरातल्या सगळ्यांचं एकमत झालं होतं की मावशीला विस्मरणाचा आजार लागला. शेजारच्या काकूंनी तर नावही सांगून टाकलं, अल्झायमर, त्यांच्या नणंदेला होता म्हणून. मीपण फोनवर हो हो म्हटलं. आणि मी गेली २२ वर्षं डोंबिवलीला मेडिकलच्या काउंटरवर आहे, डी. फार्म झालेय, म्हणजे मला तरी शंका यायला हवी होती.

मावशी ७८ वर्षांची. गिरगावात चाळीत दुसऱ्या मजल्यावर, दीड खोली, आत मोरी, संडास गॅलरीच्या टोकाला, मोजून ३४ पावलं (मी मोजलीत, का ते पुढे येईलच). घरात मावसभाऊ म्हणजे आमचा दादा, वहिनी आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा. वहिनी घरी ब्लाउज शिवते, ती घरात असते म्हणून मावशीचं सगळं तिच्याकडे, असंच असतं ना सगळीकडे, जो घरात त्याच्या गळ्यात. मावशीला साखर नाही, हार्ट नाही, दहा वर्षांपासून बीपीची अ‍ॅम्लोडिपिन ५ एमजी, रात्री एक, बीपी १३५ च्या आसपास. गुडघे मात्र गेलेले. बाकी डोकं एकदम शार्प, भाजीवाल्याचा हिशोब तोंडी, नातवाचा मोबाइल कुठे ठेवलाय तेही हीच सांगणार.

हे सगळं मी मावशीला आणि वहिनीला विचारून लिहितेय. मावशी म्हणाली लिही, पण ते संडासाचं जरा कमी लिही. ते जमणार नाही गं मावशी, अर्धं प्रकरण तिथेच आहे.

तर फेब्रुवारी. चार-पाच दिवसांपासून मावशी दिवसा पेंगत होती, जेवत नव्हती, कवळी टोचते म्हणून काढून ठेवायची. संध्याकाळ झाली की वेगळंच, गॅलरीत कोण उभंय, त्याला आत घ्या, पाणी द्या. एकदा वहिनीला माझ्या आईच्या नावाने हाक मारली, माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली. वहिनी घाबरली. आणि सकाळी दहाला मावशी पुन्हा बऱ्यापैकी नीट, चहा मागणार, पेपरमधलं काहीतरी बोलणार. मग घरच्यांना वाटायचं की नाटक करते का ही. नाटक नव्हतं. पण ही जी वरखाली होती ना, सकाळी ठीक आणि रात्री भ्रम, तीच सगळ्यात मोठी खूण होती आणि ती आमच्या कुणाच्याच लक्षात आली नाही.

मग एका रात्री तीन वाजता गॅलरीत पडली, संडासाकडे जाताना. वहिनी दोन महिने रोज रात्री तिच्याबरोबर उठत होती आणि नेमकी त्या रात्री तिला जाग आली नाही. उजवं मनगट मोडलं. खुबा वाचला हे नशीब, या वयात खुबा मोडला की पुढची गोष्टच वेगळी असते.

हॉस्पिटलात मनगटाला प्लास्टर घातलं आणि रक्त तपासलं तर सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, १२६, जे १३५ च्या वर असायला हवं. क्रिएटिनिन, जे किडनी मंदावली की वाढतं, ते १.६, वर्षभरापूर्वीच्या रिपोर्टात ०.९ होतं. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरसुद्धा मूत्राशयात २८० एमएल शिल्लक. म्हणजे पिशवी पूर्ण रिकामीच होत नव्हती, वरचं थोडं सांडायचं आणि परत भरायची. दुसऱ्या दिवशी झोपवून बीपी घेतलं तर १३८/७६, उभं केल्यावर दोन मिनिटांत १०८/६४. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला की त्याला पोश्चरल ड्रॉप म्हणतात, इथे ३० ने उतरला होता. घरी आपण सगळे खुर्चीत बसवून बीपी बघतो आणि १३८ आलं की खूश होतो, उभं करून कोण बघतं.

तिथे एक रेसिडेंट डॉक्टर होती, पोरगीच, माझ्या भाचीच्या वयाची असेल. तिने मावशीला विचारलं, आजी, डिसेंबरपासून उलटे महिने म्हणा. मावशी डिसेंबर, नोव्हेंबर म्हणाली आणि थांबली, मग जानेवारी म्हणाली. वहिनीने सुचवलं की आई मराठी महिने म्हणतात, इंग्रजी नको, तर फाल्गुन म्हणून मावशी त्या डॉक्टरच्या कानातल्याकडे बघत बसली. डॉक्टर म्हणाली, हे विसरणं नाहीये, यांचं लक्षच टिकत नाहीये, आणि हे काही दिवसांत आलंय, याला डिलिरियम म्हणतात. विस्मरणाचा आजार महिन्या-वर्षांनी हळूहळू चढतो, डिलिरियम काही तासांत किंवा दिवसांत येतो आणि दिवसभरात वरखाली होतो, आणि त्याच्यामागे बहुतेक वेळा काहीतरी सापडतं, इन्फेक्शन, मीठ कमी होणं, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, औषध. मग वहिनीला म्हणाली, घरात जेवढ्या गोळ्या आहेत तेवढ्या एका पिशवीत घालून आणा. डॉक्टरने लिहिलेल्याच नाहीत, सगळ्या. पानाच्या डब्यातल्यासुद्धा.

पिशवी मी आणली. पलंगावर ओतली. आणि त्यात मी दिलेली पाकिटं निघाली.

गणपतीत मी गिरगावात होते, मावशी खाली पाट घेऊन मोदक वळायला बसली आणि तिला उठताच येईना, डोळ्यात पाणी. माझ्या पर्समध्ये इटोरिकॉक्सिब ९० ही दुखण्याची गोळी होती, दहाची स्ट्रिप. जेवल्यावर एक, दुखलं तरच, असं सांगून मी दिली. दोन दिवसांत मावशी जिना उतरून आरतीला. सगळे म्हणाले बघा, घरात मेडिकलवाली असली की कसं. त्यानंतर मावशीने काय केलं, रिकामी स्ट्रिप नातवाच्या हातात देऊन खालच्या दुकानातून तीच आणायची, रोज एक. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही अशी गोळी आहे ही, पण रिकामं पाकीट दाखवलं की मिळते, मी स्वतः दिलेली आहे लोकांना, खोटं कशाला बोलू. गुडघ्याच्या झिजेला या गोळीचा डोस दिवसाला ३० एमजी, फार तर ६०. मी ९० दिली होती. आणि बीपी १४०/९० च्या वर राहत असेल तर ती सुरूच करायची नाही असं युरोपातल्या माहितीपत्रकात सरळ लिहिलेलं आहे. अमेरिकेत तर २००७ मध्ये तिथल्या औषध खात्याने या गोळीला परवानगीच नाकारली. ही माहिती मला होती हो. पण मावशी समोर रडत असताना माहितीपत्रक कुणाला आठवतं.

पुढचं सगळं आम्हाला कळलं ते कालनिर्णयमुळे. वहिनीला सवय आहे, गॅस कधी लागला, दूध किती, डॉक्टरकडे कधी गेलो, नवीन काय दिलं, सगळं चौकोनात बारीक अक्षरात. जानेवारी-फेब्रुवारी भिंतीवर होतं, सप्टेंबर ते डिसेंबरची पानं कपाटात भांड्यांखाली अंथरलेली, ती काढली, तेलाचे डाग पुसले आणि ओळीने लावली. तेव्हा जे दिसलं ते असं.

गुडघ्याची गोळी रोज सुरू झाली. अशा दुखण्याच्या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, किडनीवर ताण टाकतात आणि बीपी वाढवतात. दिवाळीनंतर बीपी १६८/९०. डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन ५ ची १० केली. मी त्यांना दोष देणार नाही, त्यांनी विचारलं होतं की दुसरी काही औषधं चालू आहेत का, आणि मावशी नाही म्हणाली. तिच्या लेखी ती गोळी औषध नव्हतीच, ती भाचीने दिलेली गुडघ्याची गोळी होती.

डिसेंबरात घोटे सुजले, चपलेचा पट्टा रुतायला लागला. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात हे काही गुपित नाही, डोस वाढला की जास्त सुजतात, बायकांमध्ये जास्त दिसतं. त्यातून बारीक रोहिण्या सैल होतात पण पुढच्या शिरा तेवढ्या होत नाहीत, म्हणून दाब केशवाहिन्यांत अडकतो आणि पाणी झिरपून घोट्यापाशी जमतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, फक्त जागा चुकलेली असते, म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी उतरत नाही. पण नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले, दुसऱ्या दवाखान्यात दाखवलं, तिथे पायात पाणी झालंय म्हणून लघवीचीच गोळी, फ्युरोसेमाइड ४०, लिहून दिली. तीसुद्धा मावशी रात्री जेवल्यावर घ्यायची, कारण तिच्या सगळ्या गोळ्या रात्रीच्या. या गोळीचं जुनं ब्रँडनेम लॅसिक्स, सहा तास टिकते म्हणून ठेवलेलं म्हणतात. रात्री नऊला घेतली की पहाटे तीनपर्यंत तिचं काम चालू. त्यात दिवसभर पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर परत रक्तात येतं आणि त्याचीही लघवी होते, म्हणजे डबल. रात्री चार-पाच वेळा ३४ पावलं जायची आणि ३४ यायची, थंडीत, अंधारात, मोडक्या गुडघ्यांनी.

कधी वाटेतच व्हायचं. चाळीत हे लपत नाही. मावशी दुपारनंतर पाणी प्यायचीच बंद झाली.

जानेवारीत वहिनीने तिसऱ्या डॉक्टरांना सांगितलं की आईंना लघवी रोखता येत नाहीये. ऑक्सिब्युटिनिन ५ एमजी, दिवसातून दोनदा. ही गोळी मूत्राशयाला सैल करते, पण ज्या रसायनाला अडवून सैल करते ते अ‍ॅसिटिलकोलिन तोंडात, आतड्यात आणि मेंदूतही लागतं. म्हणून तोंड कोरडं, तोंड कोरडं म्हणून कवळी टोचते, कवळी टोचते म्हणून जेवण नाही, पोट चार-चार दिवस साफ नाही, लघवी तुंबते, डोकं गढूळ. त्यात सर्दी झाली म्हणून खालच्या दुकानातून सर्दीची गोळी, तिच्यात क्लोरफेनिरामाइन, ते त्याच जातीचं. अशा औषधांची एक यादी अमेरिकेत डॉ. मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये केली होती, म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नयेत अशी, ती अजून चालू आहे, २०२३ मध्ये परत सुधारली. सर्दीच्या जुन्या गोळ्या आणि ऑक्सिब्युटिनिन दोन्ही तिच्यात आहेत.

म्हणजे गुडघ्यामुळे बीपी, बीपीमुळे सूज, सुजेमुळे लघवी, लघवीमुळे भ्रम, आणि पुढची पायरी तयारच होती, दादाने विस्मरणाच्या गोळ्या कुठे मिळतात ते मला विचारलंही होतं. त्यातल्या डोनेपेझिलने परत लघवीची घाई होते, म्हणजे चक्र पूर्ण. याला प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतात, पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या दोन डॉक्टरांनी १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यावर लिहिलंय: औषधाचा त्रास हा नवीन आजार समजला जातो आणि त्याला नवीन औषध दिलं जातं. अ‍ॅम्लोडिपिनच्या जातीच्या गोळ्या आणि नंतर लघवीची गोळी, ही जोडी तर कॅनडात ऑन्टॅरियोमध्ये हजारो म्हाताऱ्या माणसांच्या नोंदी तपासून सिद्ध केलेली आहे. मावशीच्या बाबतीत चार जणांनी आपापल्या जागी बरोबर वाटेल अशी एकेक गोष्ट केली, आणि पाचवी मी, जिने सुरुवातच चुकीची केली.

आता उलगडलं कसं. दुखण्याची गोळी, ऑक्सिब्युटिनिन आणि सर्दीची गोळी त्याच दिवशी बंद. फ्युरोसेमाइड बंद. सोडियम हळूहळू वर आणलं, मुद्दाम हळू, कारण ते भराभर चढवलं तर मेंदूला इजा होते. अ‍ॅम्लोडिपिन दोन आठवडे बीपी बघून मग १० ची ५. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीखाली बरं का, हे वाचून कुणी घरी जाऊन आईच्या गोळ्या कचऱ्यात टाकू नका, काही गोळ्या एकदम थांबवल्या तर तेच महागात पडतं.

वॉर्डात डिलिरियमवर औषध असं दिलंच नाही. मावशीचा चष्मा आणि कवळी घरून आणली, समोर मोठं घड्याळ लावलं, दिवसा पडदे उघडे, रात्री उगाच सुई टोचायला उठवायचं नाही, आणि घरातलं एक माणूस कायम जवळ. एका आयाने हात बांधायचा सल्ला दिला होता, सलाइन ओढते म्हणून, त्या रेसिडेंटने नको म्हटलं, बांधलं की माणूस आणखी बिथरतं. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या हॉस्पिटलात शॅरन इनौये यांनी नेमक्या अशाच साध्या गोष्टी करून डिलिरियमचं प्रमाण कमी करून दाखवलं होतं, १९९९ मध्ये छापून आलं, म्हणजे यात नवीन काही नाही, फक्त माणूस लागतो. आमच्याकडे नातू बसला. परीक्षा होती त्याची, तिथेच अभ्यास केला.

घरी आल्यावरही तीन आठवडे संध्याकाळी गडबड व्हायची. हे कुणी सांगत नाही, सोडियम नॉर्मल झालं की माणूस लगेच नॉर्मल होत नाही. वहिनीचा धीर तिथेच सुटला. दोन महिन्यांत ती सलग चार तास झोपली नव्हती, मशीनवर ब्लाउज शिवता शिवता डुलकी लागून सुई बोटात गेली होती, आणि पडायच्या आदल्या दिवशी ती मावशीवर खूप ओरडली होती. ते तिने मला मोरीत भांडी घासताना सांगितलं, माझ्याकडे न बघता. मी तिचं बीपी घेतलं तर १५०/९६. तिची फाइलच नव्हती कुठे, गेल्या सहा वर्षांत ती स्वतःसाठी डॉक्टरकडे गेलीच नव्हती. आता शुक्रवार-शनिवारची रात्र दादाची, ठरवून, कालनिर्णयवर लिहून. दादा पहिल्या शुक्रवारी घोरत पडला होता ते सोडा.

संडासाचा प्रश्न सगळ्यात अवघड निघाला. मी हौसेने कमोडची खुर्ची घेऊन गेले. मावशी म्हणाली, जिथे माणसं जेवतात तिथे मी बसू? तीन दिवस बोलली नाही माझ्याशी. शेवटी खुर्ची मोरीत, पडदा लावून, आणि फक्त रात्री १२ ते ५. बाकी वेळ ती स्वतःच्या पायांनी जाणार. गॅलरीत शेजाऱ्यांनी मिळून हालचालीवर लागणारे दोन बल्ब बसवले, कठड्याच्या बाजूला धरायला पाइप टाकला. पाणी दिवसभरात पोटभर, फक्त झोपायच्या आधी दोन तास कमी. उठताना आधी पलंगावर पाय सोडून बसायचं, पायाचे पंजे वीसेक वेळा वरखाली करायचे, मग उभं राहायचं.

आणि गुडघे, ज्यांच्यापासून हे सुरू झालं. फिजिओथेरपिस्टने खुर्चीवरून हात न टेकता उठबस शिकवली, सुरुवातीला मावशीला तीन वेळाही जमेना, आता दहा होतात. टाचा उचलून उभं राहणं, गॅलरीत पाइप धरून एका पायावर. गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल, ते रक्तात फार थोडं जातं, आणि फारच दुखलं तर पॅरासिटामॉल. व्यायामाचं लोकांना पटत नाही, म्हातारं माणूस पडलं की घरचे त्याला बसवूनच ठेवतात, पण २०१९ मध्ये कॉक्रन या जगभरातल्या चाचण्या तपासणाऱ्या संस्थेने १०८ चाचण्या एकत्र करून बघितलं, तर साठीच्या पुढच्यांमध्ये व्यायामाने पडण्याचं प्रमाण जवळपास पावपट कमी झालं. बसवून ठेवलं की मांड्या जातात आणि मग खरंच पडतं.

एप्रिलमध्ये आकडे असे: अ‍ॅम्लोडिपिन ५ वर बीपी १३४/७८, उभं केल्यावर १२६. सोडियम १३८. क्रिएटिनिन १.०. सूज नाही. रात्री दोनदा उठते. दिवसाच्या सहा गोळ्यांची एक झाली, तीही आता सकाळी. फॉलोअपला त्याच रेसिडेंटने परत उलटे महिने विचारले आणि मावशी फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष करत चैत्रापर्यंत न थांबता गेली आणि वर म्हणाली, तू म्हण आता. त्या पोरीला कार्तिकाच्या पुढे येईना.

तरी डॉक्टरांनी स्मरणशक्तीची पूर्ण तपासणी सहा महिन्यांनी ठेवलीय. ज्यांना डिलिरियम होऊन जातो त्यांना पुढे विस्मरणाचा धोका जास्त असतो, आणि मावशीचे शब्द अजून कधी कधी अडकतात. ते वय असेल किंवा नसेल.

मी दुकानात एक बदल केलाय. रिकामी स्ट्रिप घेऊन कुणी दुखण्याची गोळी मागितली की विचारते, घरात कुणासाठी, बीपी आहे का, किती दिवसांपासून, आणि चिठ्ठी नसेल तर देत नाही. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून समोरच्या दुकानात जातं. मालक मला दोनदा बोललेत. आणि कुणी आईला हल्ली काहीतरी नवीनच होतंय असं म्हटलं की मी तारीख विचारते, कधीपासून, आणि त्याच्या आधीच्या महिना-दीड महिन्यात कुठली गोळी नवीन लागली किंवा कुठल्या गोळीचा डोस वाढला. तारखेशिवाय काही कळत नाही. वहिनीने चौकोनात लिहिलं नसतं तर आम्हालाही कळलं नसतं.

जूनमध्ये गिरगावात गेले होते, वहिनी बाजारात, मावशीने मला फडताळातून लोणच्याची बरणी काढायला सांगितली. बरणीखाली कागदात गुंडाळलेली इटोरिकॉक्सिबची अर्धी स्ट्रिप. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, राहू दे गं, गणपती येतायत, मोदक कोण वळणार? मी पाच गोळ्या मोजून पर्समध्ये टाकल्या आणि म्हटलं, यंदा मोदक टेबलावर वळायचे, खुर्चीत बसून. अजून कुठे ठेवल्यायत का विचारलं, तर मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाली की पावसाने झोडपलंय बाई यंदा.